वडिलांसाठी आयर्नची निवड

गोल्फच्या खेळात लोखंडी तोंडाच्या क्लबांस आयर्न म्हणतात. त्यांतील ब्लेड हा पातळ व देखणा. त्याचे वजन मध्यापाशी एकवटलेले. चेंडू टोकास लागला की तोंड वळते, टोला आखूड पडतो आणि हातांस झिणझिण्या येतात. खोलगट पाठीच्या आयर्नचे वजन कडांकडे नेलेले असल्यामुळे तोच टोला बराच सरळ जातो. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या अभियंत्याने 1959 साली घरच्या गॅरेजात एक पटर घडविला. त्यात वजन दोन्ही टोकांस विभागण्याची युक्ती होती. पुढे तीच त्याने आयर्नांस लाविली.

माझ्या वडिलांनी साठी उलटल्यावर खेळ आरंभिला. हँडिकॅप 28, म्हणजे नेमस्त टोल्यांहून सुमारे 28 टोल्यांची सवलत! तरी त्यांचे मन ब्लेडवरच जडले. जाड आयर्न त्यांस कमीपणाचे वाटत. यावरून आम्हां दोघांत आठवडाभर अबोलाच होता म्हणा ना. मला काळजी त्यांच्या संधिवाताने आखडलेल्या बोटांची. अखेर मी ब्लेडच्या तोंडावर खडूची भुकटी लावून त्यांस दहा टोले मारावयास विनविले. मध्यावर तीनच खुणा उमटल्या. ते बराच वेळ त्यांकडे पाहत राहिले, आणि हसले.

मग रुंद तळाचा, मातीत सहसा न रुतणारा संच ठरला; दांडे ग्राफाइटचे, कारण ते पोलादाहून हलके. तीन व चार क्रमांकांच्या आयर्नांनी चेंडू उंच उचलणे अवघड, म्हणून ते वगळून एक हायब्रिड घेतला. नियमाने पिशवीत 14 क्लब चालतात. वडिलांच्या पिशवीत 10 आहेत. तेवढेच त्यांच्याने उचलवतात.