सुईण

2009 साली लंडनमध्ये, ऐन आठव्या महिन्यात आम्ही डॉक्टर बदलला. पायांवरच्या सुजेविषयी विचारले की पहिले डॉक्टर घड्याळाकडे पाहत. पोशीरहून आई फोनवर म्हणाली, "सातव्यात इकडे आला असतात तरी डॉक्टर बदललाच असता ना?" खरेच की! पहिलटकरणीचा डॉक्टर आपल्याकडे रीतीनेच बदलतो.

नव्या ठिकाणी भेटली ती सुईण. साध्या बाळंतपणात तिकडे तीच मुख्य. आमच्याच पिशवीतली नोंदवही (ती तिकडे गर्भवतीजवळच असे) तिने पहिल्या पानापासून वाचली, रक्तदाब दोनदा मोजला, लघवीत प्रथिने आढळताच त्याच दुपारी रुग्णालयात ठेवून घेतले.

रात्री आईला हे सांगताना 'सुईण' हा शब्द मराठीचे एम. ए. असलेल्या आमच्या तोंडून निघेना. 'नर्स' म्हणालो.