शेणातला किडा

एखाद्याला शेणातला किडा म्हणावयाचे ते त्याचा पाणउतारा करण्यासाठी, असा आपल्याकडे रिवाज आहे. बदलीच्या नोकरीत मी अनेक प्रांत पाहिले. पाऊस पडून गेला की मुक्कामाच्या आवारात हा काळा भुंगेरा जवळपास सर्वत्र भेटला. डोके जमिनीकडे, मागचे पाय गोळीवर आणि चाल उलटी! चढावर गोळी घसरते. तो निमूटपणे पुन्हा लोटू लागतो.

त्याची सारीच भावंडे गोळ्या लोटीत नाहीत. कित्येक शेणाखालीच बिळे खणून ते आत ओढून नेतात. त्यात मादी अंडी घालते, अळ्या त्यावर पोसतात आणि उरलेले खत मुळांपाशी पोचते. बिळांवाटे पाणी मुरते. शेण लवकर नाहीसे झाल्याने माश्यांची पैदासही आवरते.

या चाकरीचे मोल ऑस्ट्रेलियाला कळले ते चाकराच्या गैरहजेरीमुळे. 1788 साली इंग्रजांनी तेथे गुरे नेली, किडे नेले नाहीत. तेथले किडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईच्या ओल्या शेणाला त्यांतील बहुतेकांनी तोंड लावले नाही. कुरणे वाळल्या शेणाखाली झाकू लागली, माश्या माजल्या. अखेर हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1965 च्या सुमारास काम सुरू झाले आणि मुख्यतः आफ्रिकेतील जातींचे किडे पारखून तेथे सोडण्यात आले. आम्हां परप्रांतीयांना ही गोष्ट चटकन उमगावी. आपण सामानसुमानासह येतो. मागे राहतात ती न सांगता आपली कामे उरकणारी माणसे, आणि त्यांची किंमत नव्या गावी कळते.

हा जीव केवळ खाली पाहणारा आहे, असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतील एका जातीचे किडे चांदणे नसलेल्या रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून आपली वाट सरळ राखतात, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पाय शेणात आणि दृष्टी आकाशगंगेकडे, असे आपल्यापैकी किती जणांना साधते?

आज मात्र त्याच्या अन्नातच विष मिसळत आहे. गुरांना जंतांवर देण्यात येणारे आयव्हरमेक्टिनसारखे औषध शेणावाटे बाहेर पडते आणि ते खाणाऱ्या अळ्या मरतात. औषध बंद करा, असे कोण म्हणेल? पण तपासणीवाचून सरसकट देताना गोठ्याबाहेरच्या या बिनपगारी नोकराचाही विचार व्हावा. तो तक्रारअर्ज करणार नाही. एका पावसाळ्यात तो नुसता दिसेनासा होईल.