शिवणारी त्यांच्यातलीच आहे!

रात्री सव्वाबारा वाजता मी चित्र थांबवलं, चष्मा लावला आणि उठून पडद्याजवळ जाऊन उभी राहिले. भाची झोपाळलेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, काय झालं?" मी म्हटलं, "थांब गं, मला त्या घेराला चुण्या किती आहेत ते बघू दे."

गेली बावीस वर्षं मी कपडे शिवते. ब्लाउज, परकर-पोलकी, झबली, बारशापासून लग्नापर्यंतचं सगळं. कपड्यांत आता नवं काही मला दिसेल असं वाटत नव्हतं. आणि भाचीच्या हट्टापायी एक जपानी कार्टून बघायला बसले, तर गेले तीन आठवडे मला दुसरं काही सुचत नाही! गिऱ्हाइकाची मापं घेताना मी तेच बोलते. शेजारच्या वहिनींना दोन भाग बसवून दाखवले. आता तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मालिकेचं नाव 'लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल प्रोजेक्ट'. २०१३ साली जपानमध्ये टीव्हीवर आली, सनराइज या स्टुडिओने केलेली. गोष्ट साधी आहे. तोक्योमधल्या ओतोनोकिझाका नावाच्या मुलींच्या शाळेत नवीन मुली येईनाशा झाल्यात आणि शाळा बंद पडणार आहे. होनोका कोसाका नावाची मुलगी ठरवते की आपण गाणारा-नाचणारा गट काढायचा, म्हणजे शाळेचं नाव होईल. आधी तिघी, मग होता होता नऊजणी. गटाचं नाव 'म्यूझ', ग्रीकांच्या नऊ कलादेवतांवरून. आयडॉल म्हणजे तिकडचे गाऊन-नाचून लोकांचे लाडके झालेले कलाकार, एवढं मला भाचीने सांगितलं. बाकीचं मला कपड्यांनी सांगितलं.

नऊजणींत एक उमी सोनोदा आहे, ती गाण्याचे शब्द लिहिते. एक माकी आहे, ती चाल लावते. आणि एक आहे कोतोरी मिनामी. ती कपडे शिवते! मंचावर जे घालून नाचायचं ते सगळं ती आधी कागदावर काढते, बेतते, शिवते आणि तेच घालून स्वतःही नाचते. म्हणजे शिवणारी बाहेरची नाही. ती त्यांच्या शाळेतली आहे, त्यांच्याबरोबर डबा खाते, कोण कशाला लाजतं आणि कुणाला काय खुपतं हे तिला ठाऊक आहे. हे लक्षात आलं तेव्हा मी उठून बसले. पुढे जे जे बघितलं ते मी याच डोळ्याने बघितलं.

सुरुवातीलाच कोतोरी आपलं रेखाटन मैत्रिणींपुढे धरते. होनोका खूश. उमी मात्र गंभीर होऊन स्कर्टखालच्या दोन लांब रेघांवर बोट ठेवते आणि विचारते, हे काय? उत्तर येतं, पाय! उमी पारंपरिक घरातली, धनुर्विद्या शिकणारी, विलक्षण लाजाळू मुलगी. तिची अट अशी की स्कर्ट गुडघ्याखालीच हवा. कोतोरी शिवते आखूडच. कार्यक्रमाच्या आधी उमी कपडे बदलून बाहेर येते ती स्कर्टच्या आत व्यायामाची विजार घालून! शिवणाऱ्या प्रत्येक बाईने ही उमी बघितलेली असते. गळा अर्धा इंच वर घ्या म्हणणारी, पदर खांद्यावर ओढून माप देणारी. मी तिला ओळखते, माझ्याकडे ती दर आठवड्याला येते.

मग तिसऱ्या भागात पडदा उघडतो. होनोका गुलाबी कपड्यात, उमी निळ्या, कोतोरी हिरव्या. घाट एक, रंग तीन. आणि समोर सभागृह रिकामं. एकही माणूस नाही. एवढं मन लावून शिवलेले तीन नवे कोरे पोशाख रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे! माझ्या पोटात कालवलं. तरीही त्या गातात. तेवढ्यात हानायो नावाची एक मुलगी धावत येते, पुढे तीच गटात सामील होते. आणखी एक गोष्ट मला दुसऱ्यांदा बघताना दिसली. पुढे प्रत्येकीचा म्हणून एकेक रंग ठरलेला आहे, होनोकाचा नारिंगी, उमीचा निळा, कोतोरीचा पांढरा. पण या पहिल्या पोशाखांत उमी सोडली तर कुणीच आपल्या रंगात नाही. मला ते फार खरं वाटलं. पहिल्याच शिवणात माणूस कुठे सापडतो?

जपानीत मंचावरच्या पोशाखाला 'इशो' म्हणतात. या गटाचे इशो बघताना एक खेळ करून पाहा. चित्र थांबवा आणि नऊजणींना ओळीने बघा. दुरून सगळ्या एकसारख्या दिसतात, एकाच ताग्यातून काढल्यासारख्या. जवळ गेलात की एकीची बाही फुग्याची, दुसरीला बाहीच नाही. कुणाच्या हातात मोजे, कुणाच्या मनगटाला नुसती फीत. कुणाचा गळा बंद, कुणाचा मोकळा. गट लांबून कळतो आणि मुलगी जवळून. ही दोन्ही कामं एकाच कपड्यात करणं किती अवघड आहे ते मला विचारा. एकाच लग्नातल्या सहा करवल्यांना एका रंगाचे ब्लाउज शिवून बघा, आणि सहाहीजणींना तो आपलाच वाटला पाहिजे!

पण ज्या भागाने मला पुरतं जिंकलं तो दुसऱ्या पर्वातला, २०१४ मधला पाचवा भाग. रिन होशिझोरा. आखूड केसांची, उड्या मारणारी, धावण्यात पटाईत. लहानपणी ती एकदा स्कर्ट घालून शाळेला निघाली आणि वाटेत मुलांनी तिला चिडवलं. तेवढंच. ती घरी परतली, कपडे बदलले, आणि आपल्याला मुलींसारखे कपडे शोभत नाहीत हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं. आता नेमक्या होनोका, उमी आणि कोतोरी शाळेच्या सहलीला ओकिनावात अडकल्यात, वादळामुळे. इकडे फॅशन शोमध्ये गाण्याचं आमंत्रण आलंय. मधोमध उभ्या राहणाऱ्या मुलीचा पोशाख नववधूच्या झग्यासारखा आहे आणि तात्पुरती पुढारी म्हणून तो रिनने घालायचा आहे. रिन नाही म्हणते. हसून, थट्टेवारी नेऊन नाही म्हणते, आणि तिच्या त्या हसण्याने मला रडू आलं. तो पोशाख ती आपल्या जिवलग मैत्रिणीला, हानायोला देऊ करते. हानायो कबूल होते. पण कार्यक्रमाच्या दिवशी रिन कपडे बदलायला जाते तर तिच्यासाठी ठेवलेला असतो तो झगाच. हानायो आणि बाकीच्या सगळ्याजणी आधीच पुरुषी थाटाच्या कोटांत तयार उभ्या! पाचजणींनी कोट घातले ते एकीला झगा घालता यावा म्हणून.

मी चित्र थांबवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. पोशाखाने माणूस सजतं हे मला माहीत होतं. पण पोशाखाने मैत्रीण मैत्रिणीला सांगू शकते की ती मुलं तेव्हा खोटं बोलली होती, हे मी कधी बघितलं नव्हतं. त्या भागाच्या शेवटी रिन सरावाला येते ती स्कर्ट घालून. झगा एका संध्याकाळचा होता, हा स्कर्ट रोजचा आहे.

मला माझं शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. सातवीत कोळीगीत होतं, आम्हीही नऊजणीच होतो. कपडे भाड्याचे आले, गाठोड्यातून. बाईंनी उंचीप्रमाणे वाटले. माझं पोलकं दोन मापं मोठं, म्हणून पाठीला मुठीत धरून अकरा टाचण्या लावल्या. नाचताना त्या टोचत होत्या. फोटोत आम्ही नऊजणी सारख्या दिसतो खऱ्या, पण आजही मला त्यातली कोण कोण हे चेहऱ्यावरूनच शोधावं लागतं. कपडा काहीच सांगत नाही, कारण तो आमच्यासाठी शिवलेलाच नव्हता. कदाचित म्हणूनच मी पुढे मशीनवर बसले. हे मला परवा, रिनला बघताना सुचलं.

पुढचाच भाग हॅलोविनचा. नऊजणी काहीतरी नवं करायचं म्हणून एकमेकींचे कपडे आणि स्वभाव अदलाबदल करून बघतात, चेहरे रंगवून हेवी मेटलवाल्यांचा अवतारही करतात. काहीच जमत नाही. शेवटी आपण आहोत तशाच बऱ्या, असं ठरवून तोक्योतल्या अकिहाबारात नाचतात. कोतोरी या सगळ्यात वेळ जातोय म्हणून शिवणाची चिंता करत असते, ते मला फार पटलं! आणि त्याच्या पुढचा भाग तर प्रत्येक शिंपिणीला पाठ व्हावा: होनोकाचं वजन वाढतं आणि पोशाख अंगात बसेना.

कोतोरीबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. पहिल्या पर्वाच्या अखेरीस तिला परदेशातून फॅशन शिकायला बोलावणं येतं. ती जायला निघते आणि इकडे गट मोडतो. त्याला कारणं बरीच आहेत, पण मला दिसलं ते एवढंच की मापं जाणणारं माणूस निघून चाललंय. होनोका विमानतळावर धावत जाऊन तिला परत आणते. मग ज्या सभागृहात पहिल्यांदा कुणी नव्हतं ते गच्च भरतं, आणि तेच पहिलं गाणं आता नऊजणी गातात.

त्यानंतर मी थांबलेच नाही. २०१६ मधली 'सनशाइन' ही पुढची मालिका शिझुओका प्रांतातल्या नुमाझू या समुद्रकाठच्या शहरात घडते. गट 'अक्वा'. इथे शिवणारी आहे यो वातानाबे, बोटीच्या कप्तानाची मुलगी, गणवेश दिसला की हरखून जाणारी. हिच्याही गटात एक अवघड मुलगी आहे, योशिको. ती स्वतःला स्वर्गातून पडलेली देवदूत म्हणवते, काळे लेसचे कपडे घालते आणि त्याची तिला लाजही वाटते. गट काय करतो? सगळ्याजणी तसेच काळे कपडे घालून चित्रफीत काढतात. फसतं ते, शाळेतली मोठी मुलगी रागावते. पण एकीच्या वेडाचे कपडे सगळ्यांनी अंगावर घालून बघणं! फसलेल्या पोशाखांतला हा माझा सर्वांत आवडता.

आणि याच गटातल्या रिकोची गोष्ट. रिको पियानोच्या स्पर्धेला तोक्योला गेली आहे आणि इकडे आठजणींनाच गायचं आहे. ती तिथून प्रत्येकीसाठी केसांना बांधायची चुणीदार कापडी रबरं पाठवते, जिचा तिचा रंग. आठजणी ती बांधून नाचतात आणि तोक्योत पियानोवर बसलेल्या रिकोच्या मनगटावर नववं. वीतभर कापड आणि थोडं इलॅस्टिक, एवढ्यात नऊजणींचा गट पुरा! मी त्याच रात्री उरलेल्या चिंध्यांतून अशी चार शिवली.

२०२० मधल्या 'निजिगासाकी' या मालिकेशी जमायला मला थोडा वेळ लागला, कारण तिथे प्रत्येकजण बहुतेक एकटीच गाते, सारखे पोशाख फारसे नाहीत. पण सहाव्या भागात रिना तेन्नोजी भेटली. मनात भरपूर काही असून तिला ते चेहऱ्यावर आणता येत नाही. मग ती वहीवर हसरे-रडवे चेहरे काढून तोंडापुढे धरते, आणि मंचावर जाताना त्याचाच विजेवर चालणारा मुखवटा घालते. चेहरा झाकून ती पहिल्यांदा लोकांना भेटते. मी इतकी वर्षं अंग झाकणारे कपडे शिवते, झाकण्याने माणूस दिसूही शकतं हे मला या पोरीने दाखवलं.

आणि हे सगळं चित्रातच राहत नाही! या मुलींना आवाज देणाऱ्या अभिनेत्री तेच पोशाख खरे शिवून घेऊन खऱ्या मंचावर उतरतात, तीच पावलं टाकतात. 'म्यूझ' २०१५च्या ३१ डिसेंबरला जपानच्या एनएचके वाहिनीच्या वर्षअखेरीच्या कार्यक्रमात झळकल्या आणि २०१६ साली ३१ मार्च आणि १ एप्रिलला तोक्यो डोममध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांच्या हातात रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या कांड्या असतात. 'स्नो हॅलेशन' या गाण्यात पांढरे दिवे लुकलुकत असतात आणि होनोकाची एकटीची ओळ आली की सगळं सभागृह एकदम नारिंगी होतं. तिचा रंग तिच्या अंगावरून निघून हजारो हातांत जातो!

तुम्ही शिवत असाल, नाटकाला कपडे पुरवत असाल, शाळेत संमेलन बसवत असाल, तर आधी पहिल्या पर्वाचा तिसरा भाग बघा आणि मग दुसऱ्या पर्वाचा पाचवा. रिनने झगा घातला की चित्र थांबवा. तिच्याकडे नंतर बघा, आधी तिच्या मागे कोटात उभ्या असलेल्या पाचजणींचे चेहरे बघा.