शून्याने भागलेला वाघ

मे 2018. चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. आजोबांनी विचारलं, "एकूण किती हाईत रं?"

मी रुबाबात सांगितलं : प्रत्येकाचे पट्टे वेगळे. पहिल्या फेरीत 20 वाघ ओळखले, दुसऱ्या फेरीत 20 दिसले, त्यातले 5 जुने, तर वीस गुणिले वीस भागिले पाच. अंदाजे 80. पण इथे फोटो एकाचाच. जुना एकही नाही, म्हणजे शून्याने भागायचं! प्रोग्रॅम तिथेच आपटतो.

शिवाय तरुण नर लांबवर भटकतात, माद्या बहुधा आईच्या शेजारीच हद्द करतात. कोयना-चांदोलीचा व्याघ्र प्रकल्प 2010 पासूनचा.

आजोबा म्हणाले, "मग पिल्लं कुठनं येणार, लेका?"