चुंबकावर ठेवलेला भरवसा

बल्लारपूरला मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. खडकांच्या धड्यासाठी राजुऱ्यापलीकडच्या माणिकगडच्या डोंगरातून मी एक दगड आणला होता. काळा, जड, वर गंजासारखी तांबूस साल. माझ्या मते ते लोहखनिजच. दुसरा दगड एटापल्लीकडून वसतिगृहात आलेल्या एका मुलाने दप्तरातून काढला. "सर, हा सुरजागडचा गोटा हाये. बाबा सांगते, ह्याच्यातून लोहा निघते."

जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला टांगून मी दोन्हींजवळ नेलं. माझ्या दगडाकडे ते झुकलं, त्याच्या दगडाजवळ हललं नाही. मी सगळ्या वर्गासमोर निकाल देऊन टाकला. त्याला वहीत 'लोखंड नाही' असं लिहायला लावलं, खाली सही केली आणि तो दगड कुंपणाजवळच्या गिट्टीच्या ढिगावर भिरकावला. तळहाताला लाल भुकटी लागली होती. माती समजून धुतली.

महिनाभराने खनिजांवरचं एक पुस्तक चाळताना 'कस', म्हणजे खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, या शब्दाशी थांबलो. हेमॅटाइट हे लोहखनिज वरून काळं दिसो की पोलादी, खरखरीत चिनी मातीवर घासलं की रेघ लालच उमटते. मला माझा तळहात आठवला. त्या रात्री झोप लागली नाही.

माझा दगड बेसॉल्ट होता. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात वजनाच्या साधारण 10 टक्के लोखंड असतं, पण बहुतेक सिलिकेटांत अडकलेलं. ते गाळून काढणं परवडत नाही. त्यातले मॅग्नेटाइटचे बारीक कण तेवढे चुंबकाला ओढतात. हेमॅटाइटमध्ये, शुद्ध असेल तर, 70 टक्के लोखंड असूनही साधं चुंबक त्याच्याकडे फारसं वळत नाही. म्हणजे मी लोखंड तपासलंच नव्हतं, चुंबकत्व तपासलं होतं. आणि डोळेही वापरले नव्हते. त्या मुलाच्या दगडात लाल आणि करडे बारीक पट्टे होते, लुगड्याच्या काठासारखे. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोह ऑक्सिजनशी जुळून तळाशी बसत गेलं, मध्ये सिलिकेचे थर आले. पुढे दाबाने, उष्णतेने तो गाळ घट्ट झाला. लाव्हाच्या दगडात असे पट्टे कुठून येणार? शिवाय तेवढ्याच आकाराचा त्याचा दगड माझ्या दगडापेक्षा जड होता. ते हाताला कळलं होतं. मी मनावर घेतलं नाही. सगळ्यांत वाईट हे की, ज्या डोंगराच्या पायथ्याशी त्याचं घर, त्याबद्दलचं त्याच्या बापाचं म्हणणं मी ऐकूनही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची माफी मागितली. वहीतलं वाक्य खोडून पुन्हा सही केली. तो इतकंच म्हणाला, "माझा गोटा कोठी हाये, सर?"

मधल्या सुट्टीत आम्ही दोघं ढिगापाशी बसलो. तुटक्या टाइलची मागची बाजू माझ्या हातात. गिट्टीचा एकेक खडा घासत होतो, करडी रेघ, पुन्हा करडी. तो मात्र घासत नव्हता, नुसता उचलून हातात तोलत होता. थोड्या वेळाने त्याने एक दगड माझ्यापुढे धरला. "हाच. जड हाये."

मी टाइलवर घासला. रेघ लाल होती.