पहिला वाचक

‘अभिप्रेत वाचक’ ही संज्ञा आपल्या समीक्षेत आता पुरेशी रुळली आहे. लेखकाच्या मनासमोर एक वाचक असतो आणि संहितेची घडण त्याच्या कलाने होत जाते, असे आपण म्हणतो. हा वाचक शेजारच्या खोलीत शिक्का घेऊन बसलेला असेल तर संहितेचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. विल्यम शायरर या अमेरिकन वार्ताहराची ‘बर्लिन डायरी’ वाचताना मला तो टाळता आला नाही.

मी हे पुस्तक वाचले ते १९७६ साली. आणीबाणी होती आणि एका मराठी दैनिकात मी उपसंपादकी करीत होतो. त्या दिवसांची तुलना हिटलरच्या जर्मनीशी करणे अप्रमाण ठरेल. तरी सेन्सॉरच्या छायेत वावरणाऱ्या वाक्याची चाल मला परिचयाची होती. खोडली गेलेली ओळ निदान कुठे होती हे ठाऊक असते. लिहिण्यापूर्वीच मनाने वगळलेल्या ओळीची खूणही उरत नाही.

शायरर १९३४ मध्ये बर्लिनला गेला. १९३७ पासून तो सीबीएस या नभोवाणी कंपनीसाठी काम करू लागला. १ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध सुरू झाले आणि त्याच्या प्रत्येक भाषणाची संहिता तीन सेन्सॉरांच्या हातांखालून जाऊ लागली. एक परराष्ट्र खात्याचा, दुसरा लष्कराचा, तिसरा प्रचार मंत्रालयाचा. दूर अमेरिकेतल्या श्रोत्यासाठी लिहिलेल्या वाक्याचे पहिले वाचक हे तिघे होते. मग अर्थाने शब्दाबाहेर आसरा शोधला. आवाजातला चढउतार, मध्येच घेतलेला विराम, अमेरिकन बोलीतला एखादा वाक्प्रयोग यांतून तो सरकारी दाव्याविषयीचा अविश्वास सूचित करी. आपला ध्वनिविचार इथे काव्यशास्त्राच्या पोथीतून उठून एका माणसाच्या उपजीविकेचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न होतो. पुढे अमेरिकेत राहून आलेले सेन्सॉर नेमले गेले, तेव्हा ही वाटही बुजली. वाचक व्युत्पन्न झाला आणि व्यंजना संपली.

वार्ताहर हा स्वतःही वाचक असतो, हे या रोजनिशीतील १९४० च्या नोव्हेंबरमधील नोंदींवरून ध्यानात येते. मनोरुग्णांना आणि मतिमंदांना गुप्तपणे ठार मारले जात असल्याची कुजबुज त्याच्या कानांवर आली होती. प्रांतिक वृत्तपत्रांतल्या मृत्यूच्या जाहिराती तो बारकाईने वाचू लागला. ग्राफेनेक, हार्टहाइम, सोनेनश्टाइन ही स्थळनामे पुन्हा पुन्हा येत होती, आणि आप्तांच्या शब्दयोजनेत दुःखाखेरीज आणखी काही दबलेले होते. ऑगस्ट १९४१ पर्यंत त्या मोहिमेत ७०,००० हून अधिक माणसे मारली गेली, हे आज आपल्याला माहीत आहे. शोकाकुल कुटुंबांनी सेन्सॉरच्या नजरेखालून एक वाक्य पलीकडे पोचवले होते. ते वाचणारा कोणी हवा होता. बर्लिनहून मात्र हे सांगणे शायररला शक्य नव्हते. डिसेंबर १९४० मध्ये त्याने जर्मनी सोडली. रोजनिशीची पाने सामानात दडवून त्याने बाहेर काढली आणि १९४१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

सेन्सॉरमुक्त संहिता म्हणून या ग्रंथाकडे पाहण्याचा मोह होतो. परंतु शायररची कागदपत्रे आयोवातील को कॉलेजमध्ये जतन केलेली आहेत. मूळ हस्तलिखित आणि छापील पुस्तक अभ्यासकांनी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंत लक्षणीय तफावत आढळली. युद्धपूर्व वर्षांचा बराच मजकूर मागाहून लिहिलेला आहे, आणि हिटलरविषयीची आरंभीची काहीशी अनुकूल मते छापील पुस्तकात बदललेली आहेत. म्हणजे रोजनिशीलाही अभिप्रेत वाचक होता. तो बर्लिनच्या खोलीतला नव्हता; १९४१ चा, युद्धाच्या उंबरठ्यावर उभा असलेला अमेरिकन होता.

सगळीच निवेदने रचलेली असतात, तेव्हा साक्ष आणि प्रचार यांत भेद कसला, असा निष्कर्ष यावरून काढणे अलीकडे सोपे झाले आहे. तो मला मान्य नाही. ग्राफेनेकला माणसे मेली. ती कोणत्याही निवेदनतंत्राचा परिणाम नव्हती. शिवाय शायररचे हस्तलिखित उरले आहे, आणि त्याने केलेले बदल कोणालाही दाखवता येतात. हुकूमशाहीची संहिता आपला कच्चा खर्डा मागे ठेवीत नाही. मृत्यूपत्रकावर खोटे कारण लिहिते आणि मृतदेह जाळून टाकते. साक्ष निर्दोष असावी लागत नाही, ती ताडून पाहता यावी लागते. ते ताडून पाहणे हेच समीक्षेचे काम आहे. सुरक्षित खोलीत बसून वाचणाऱ्या आपल्यासारख्यांवर, निदान एवढे तरी ऋण आहे.