ओळखीचे शब्द, कामाचे शब्द

आयईएलटीएसची बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, ''मॅडम, किती शब्द पाठ करावे लागतील?'' विचारणाऱ्याकडे यादी बहुधा आधीच तयार असते. एखाद्याकडे ताईने जीआरईसाठी घोकलेलं साडेतीन हजार शब्दांचं जाडजूड पुस्तक असतं, पेन्सिलीच्या खुणांसकट. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये 'बँड नाइनचे शब्द' अशा नावाची पीडीएफ असते. पुण्यात परदेशी निघालेल्या मुलांना इंग्रजी शिकवणं आणि त्यांच्यासाठी सरावाच्या प्रश्नपत्रिका काढणं हा माझा व्यवसाय आहे. त्यातली बरीचशी शक्ती या याद्या मिटवून ठेवायला लावण्यात जाते.

यादीवरची ही श्रद्धा अगदीच निराधार नाही. एकेकाळी परीक्षाच तशा होत्या. टोफेल १९६४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं तिच्यात शब्दांवर सुटे प्रश्न असत. एका शब्दाला चार पर्याय, त्यातला जवळच्या अर्थाचा निवडायचा. १९९५ मध्ये हे सुटे प्रश्न गेले आणि शब्द उताऱ्याच्या पोटात शिरले. जीआरईने विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न २०११ मध्ये काढून टाकले. १९८९ पासून चालू असलेल्या आयईएलटीएसमध्ये तर शब्दांचा वेगळा पेपरच नाही. परीक्षा बदलल्या, पण तयारीची रीत घराघरांतून वारसाहक्काने पुढे चालली आहे.

वेगळा पेपर नाही म्हणजे शब्दांची परीक्षा नाही असं नव्हे. ती सगळ्याच पेपरांत वाटलेली आहे. वाचनाच्या पेपरात साठ मिनिटांत चाळीस प्रश्न सोडवायचे असतात, आणि उताऱ्यातला शब्द प्रश्नात जसाच्या तसा क्वचितच येतो. उताऱ्यात 'डिक्लाइन' असेल तर प्रश्नात 'फॉल' किंवा 'रिडक्शन' असतं. लेखन आणि संभाषणात परीक्षक चार निकषांवर गुण देतो. त्यातला एक 'लेक्सिकल रिसोर्स', म्हणजे एक चतुर्थांश गुण थेट शब्दांचे. बँड सातच्या वर्णनात कमी प्रचलित शब्दांचा उल्लेख आहे, हे मुलांना तोंडपाठ असतं. त्याच वर्णनात शैलीचं आणि शब्दांच्या जोडणीचं भान असावं असंही म्हटलं आहे, ते मात्र कुणी वाचत नाही.

गंमत अशी, की इंग्रजी शिकवण्यासाठी शब्दयाद्या तयार झाल्या त्या ओझं कमी करण्यासाठी. त्यातल्या एका महत्त्वाच्या प्रयत्नाची मुळं आपल्याच उपखंडात आहेत. मायकेल वेस्ट हा भारतीय शिक्षण सेवेतला अधिकारी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलांची इंग्रजी वाचनपुस्तकं तपासताना त्याला दिसलं की पानापानावर नवे शब्द कोसळतात, त्यातले कितीतरी जुनाट आणि ग्रांथिक असतात, आणि एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा भेटतच नाही. त्याने धडे नव्याने लिहिले, दुर्मीळ शब्दांच्या जागी रोजचे शब्द घातले आणि नवे शब्द अंतराअंतराने पेरले. त्याला आणखी एक चिंता होती. बरीच मुलं शाळा मध्येच सोडत. अशा मुलाच्या हाती त्या टप्प्यापर्यंतच्या शिक्षणाची 'सरेंडर व्हॅल्यू' काय उरते, असा त्याचा प्रश्न होता. विम्याच्या पॉलिसीमुळे हा शब्द आपल्या घरोघरी माहीत आहे. शिक्षणाला तो लावून पाहणारा माणूस १९२६ मध्ये बंगालमधल्या द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहून गेला, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

याच वेस्टची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे दोन हजार मूळ शब्द होते, आणि साध्या इंग्रजी मजकुराचा साधारण ऐंशी टक्के भाग तेवढ्यातच बसतो. पुढे २००० मध्ये न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनातले ३५ लाख शब्द चाळून ५७० शब्दकुळांची यादी केली. शब्दकुळ म्हणजे 'अ‍ॅनलाइज', 'अ‍ॅनलिसिस', 'अ‍ॅनलिटिकल' असं एकाच मुळाचं गणगोत. विद्यापीठीय मजकुराचे जवळजवळ दहा टक्के शब्द या यादीतले निघतात. 'इव्हिडन्स', 'असेस', 'सिग्निफिकंट', 'इम्प्लाय' यांत चमचमणारं काही नाही. परीक्षेचे उतारे आणि निबंध चालतात ते मात्र याच शब्दांवर.

आता थोडा हिशेब. पॉल नेशन या अभ्यासकाचं काम या क्षेत्रात पायाभूत मानलं जातं. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीवाचून वाचायचं तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा त्यांचा २००६ मधला अंदाज आहे. आयईएलटीएस वाचनाचे तीन उतारे मिळून अडीच हजारांच्या आसपास शब्द भरतात. ९८ टक्के ओळखीचे म्हणजे पन्नास शब्द अडणार. ९५ टक्के म्हणजे सव्वाशे. वरवर तीन टक्क्यांचा फरक, पण अडखळण्याच्या जागा अडीचपट. आणि मुलाच्या हाती असतात तीन महिने. रोज दहा शब्द पक्के केले तरी नऊशे होतात. पाच हजारांवरून आठ हजारांवर कुणी तीन महिन्यांत जात नाही. मग तीन महिन्यांत करण्यासारखं काय आहे? जे शब्द नुसते ओळखीचे आहेत ते कामाचे करणं. माझं सगळं शिकवणं या एका वाक्यात मावतं.

ओळखीचा शब्द आणि कामाचा शब्द यांतलं अंतर प्रश्न काढताना नीट दिसतं. समजा मला 'एलिव्हिएट' तपासायचा आहे. 'एलिव्हिएट पॉव्हर्टी' असं वाक्य दिलं तर 'पॉव्हर्टी'च उत्तर फोडते. म्हणून वाक्य बोडकं ठेवायचं : 'दे ट्राइड टु एलिव्हिएट इट.' मग पर्याय : उंचावणे, हलकं करणे, टाळणे, मोजणे. चारही क्रियापदं, लांबीला साधारण सारखी, एकही हास्यास्पद नाही. पहिला पर्याय मुद्दाम टाकलेला, कारण 'एलिव्हेट' हा दिसायला जवळचा शब्द मुलांना माहीत असतो. तिथे टिक पडली की कळतं, शब्दाचा चेहरा तेवढा पाहिला आहे. अंदाजपंचे टिक करणाऱ्यालाही चारात एक संधी असतेच, म्हणून एका शब्दावरून काही ठरवायचं नसतं.

दुसरी एक युक्ती ब्रिटनमधले पॉल मीरा यांनी रुळवली. शब्दांची यादी द्यायची आणि फक्त 'माहीत आहे' की 'नाही' एवढंच विचारायचं. यादीत अधूनमधून अस्तित्वातच नसलेले, पण इंग्रजी वाटणारे शब्द पेरलेले असतात. मी 'डिफ्लरंट' किंवा 'मिन्टिव्ह' असं काहीतरी बनवते. पाठांतर करून आलेली मुलं अशा शब्दांवरही ठामपणे 'माहीत आहे' अशी खूण करतात. खोट्या शब्दांना जितके होकार, तितका खऱ्या शब्दांवरच्या होकारांचा भाव उतरतो. मग मी तिसरी पायरी घेते. वाक्यात गाळलेल्या शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं द्यायची आणि शब्द पुरा करायला सांगायचा. चार पर्यायांतून बिनचूक टिक करणारा हात इथे थबकतो.

निबंधात हे अंतर लपत नाही. शहरातल्या वाहतुकीवर लिहिताना अशी वाक्यं येतात : 'इन दिस कन्टेम्पररी एपॉक, अ प्लेथोरा ऑफ व्हेइकल्स इज एग्झॅसर्बेटिंग द ट्रॅफिक.' एकेक शब्द सुटा घेतला तर शब्दकोशात सापडतो. पण 'एग्झॅसर्बेट' होतो तो एखादा प्रॉब्लेम, दुखणं किंवा तणाव, ट्रॅफिक नव्हे. या विषयाला लागणारे शब्द साधेच आहेत : 'हेवी ट्रॅफिक', 'रश अवर', 'रिलाय ऑन प्रायव्हेट कार्स', 'ईझ कन्जेशन', 'कट एमिशन्स'. यातला प्रत्येक सुटा शब्द त्या मुलाला बारावीतच माहीत होता. 'ईझ' आणि 'कन्जेशन' जोडीने फिरतात, एवढं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

ही जोडी आपल्या भाषेतही तितकीच हट्टी असते. पाऊस पडतो, वारा सुटतो, थंडी वाजते, शिंक येते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने पावसावरून बेतून 'वारा पडला' म्हटलं, तर ऐकणारा समजेल की वारा थांबला. आपली मुलं उलट दिशेने हेच करतात. मराठीत परीक्षा 'देतात', म्हणून संभाषणाच्या चाचणीत ब्रिटिश परीक्षकासमोर 'आय अ‍ॅम गिव्हिंग आयईएलटीएस' असं बोलून जातात. आपल्याकडच्या इंग्रजीत ते राजरोस चालतं. ब्रिटनमध्ये परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक. विद्यार्थी ती 'टेक' करतो किंवा तिला 'सिट' करतो. तसंच जोराच्या पावसाचं 'स्ट्राँग रेन' होतं. म्हणून माझ्या वर्गात सुटा शब्द वहीत उतरवायला बंदी आहे. शब्द त्याच्या सोबत्यासह लिहायचा आणि खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य.

संगतीत किती बळ असतं याचा एक पुरावा यंत्राकडूनही मिळाला आहे. थॉमस लँडाउअर आणि सुझन ड्युमे यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकाला एका विश्वकोशातला सुमारे ४६ लाख शब्दांचा मजकूर दिला. ना व्याकरण शिकवलं, ना शब्दकोश दिला. कोणता शब्द कोणत्या मजकुरात येतो, एवढंच त्याने पाहिलं. मग त्याच्यापुढे टोफेलचे समानार्थी शब्दांचे ८० जुने प्रश्न ठेवले. त्याने ६४ टक्क्यांवर उत्तरं बरोबर दिली, आणि बिगर-इंग्रजी देशांतून अमेरिकेत शिकायला येऊ पाहणाऱ्या अर्जदारांची सरासरीही जवळजवळ तेवढीच होती. मुलांना मी हे सांगते ते यंत्राच्या कौतुकासाठी नाही. यंत्राने यादी घोकली नव्हती, वाचन केलं होतं.

राहता राहिली स्मरणाची बाब. हरमान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरतं. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केलेली खोक्यातल्या कप्प्यांची पद्धत. कार्डावर एका बाजूला गाळलेल्या शब्दाचं वाक्य, मागे उत्तर. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा पुन्हा भेटतं; चुकलं तर पहिल्या कप्प्यात परत. यात महत्त्वाचं आहे ते उत्तर पाहण्याआधी आठवून बघणं. पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला विचारून पाहिल्याने जास्त काळ लक्षात राहतं, हे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं. म्हणजे चाचणी ही नुसती मोजपट्टी नाही, ती शिकण्याची रीतही आहे. मुलं आदल्या रात्री यादीवर डोळे फिरवतात, तेव्हा नेमकी हीच संधी सोडतात.

आयईएलटीएसचा निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. त्यानंतर बँडच्या आकड्याला किंमत उरत नाही. शब्द मात्र लीड्सच्या ग्रंथालयात किंवा मेलबर्नच्या रुग्णालयात रोज लागणार असतात. म्हणून वेस्टची जुनी कसोटी मी प्रत्येक शब्दाला लावायला सांगते : उद्या परीक्षा रद्द झाली, तर हा शब्द तुझ्या उपयोगी पडेल का? 'इव्हिडन्स' पडेल, 'रिलाय ऑन' पडेल. 'मल्टिफॅरियस' वाचनात भेटला तर ओळखावा आणि पुढे जावं. एवढं पटलं की यादी आपोआप आखूड होते, आणि उरलेल्या वेळात रोज दोन पानं इंग्रजी वाचायला सवड मिळते.